मानेच्या मागची घट्ट गाठ: हाताला लागल्यापासून रिपोर्ट वाचेपर्यंत

मानेच्या मागची गाठ ज्याची त्याला सहसा सापडत नाही. ती सापडते सलूनवाल्याला, मागून मशीन फिरवताना. नाहीतर घरात कुणी डोक्याला तेल लावून देत असेल तर त्याला. आरशात दिसत नाही, दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तशीच राहते. मग एखाद्या लग्नात कुणीतरी म्हणतं, “चरबीची आहे, हात लावू नकोस.” दुसरं कुणी म्हणतं, “एकदा परळला जाऊन ये.” परळ म्हणजे टाटा आणि टाटा म्हणजे कॅन्सर, हे मुंबईत कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. त्या रात्री घरात कुणाचा डोळा लागत नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझ्याकडे गाठ येते ती माणसाशिवाय, बाटलीतून. सोबत एक कागद असतो आणि त्यावर जेवढं लिहिलंय तेवढाच माणूस मला दिसतो. मानेच्या मागच्या बहुतेक गाठींचं त्यावाचून फार अडत नाही. चरबीची गाठ कोऱ्या कागदासोबत आली तरी चरबीचीच दिसते. पण एक दुर्मिळ, कॅन्सर नसलेली गाठ अशी आहे की कागद कोरा असला तर मायक्रोस्कोपखाली समोर असूनही ती निसटते. न्यूकल फायब्रोमा तिचं नाव; न्यूकल म्हणजे मानेच्या मागचा. हा लेख तिच्याबद्दल आहे, आणि तिच्या निमित्ताने मानेच्या मागची कुठलीही गाठ कशी तपासून घ्यावी याबद्दलही. रुग्णाला आणि घरच्यांना उपयोगी पडावा, आणि स्लाइड बघायला नुकतीच सुरुवात केलेल्या रेसिडेंटलाही, असा प्रयत्न आहे. त्यामुळे मधले एकदोन भाग ज्याला नको असतील त्याने खुशाल ओलांडून जावं.

ही गाठ म्हणजे नेमकं काय

कातडीखालच्या थरात कोलॅजन नावाचे चिवट तंतू असतात. न्यूकल फायब्रोमात हे तंतू एका जागी भरमसाट साचतात आणि त्यांची घट्ट गाठ होते. तंतू खूप, पेशी अगदी तुरळक. गाठीभोवती वेष्टण नसतं. ती आजूबाजूच्या चरबीत मिसळत जाते. आकार बहुधा तीन-चार सेंटिमीटरच्या आतबाहेर. पुरुषांत ती स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त सापडते, आणि बहुतेक रुग्ण तिशी ते पन्नाशीतले असतात.

१९९९ साली अशा ५२ गाठींचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दोन गोष्टी ठसठशीतपणे पुढे आल्या. पहिली, या गाठी मानेच्या मागे सर्वाधिक होतात, पण पाठीवर, खांद्यावर, चेहऱ्यावरही होऊ शकतात. म्हणूनच आता रिपोर्टमध्ये ‘न्यूकल टाइप फायब्रोमा’ असं लिहिलेलं दिसतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: ज्यांची माहिती हाती होती अशा रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना मधुमेह होता.

ही गाठ शरीरात इतरत्र पसरत नाही आणि तिचा कॅन्सर होत नाही. काढल्यावर त्याच जागी परत मात्र येऊ शकते. त्यामुळे “घाबरण्यासारखं काही नाही” हे डॉक्टरांचं वाक्य इथे खरंच असतं. फक्त ते पूर्ण नसतं. या गाठीमुळे जीवाला धोका नसला, तरी तिच्या आडून रक्तातली साखर किंवा घरात चालत आलेला एखादा आजार हाती लागू शकतो.

पहिली पायरी: बोटांनी बघणं

रुग्णाला स्टुलावर बसवायचं, हनुवटी छातीकडे झुकवायला सांगायचं आणि मागे उभं राहून दोन बोटांनी चाचपायचं. घरच्या माणसालाही हे जमतं. निदान करायला नको, पण डॉक्टरांना नीट सांगायला उपयोग होतो.

सगळ्यात आधी गाठ आहे का हेच ठरवायचं. मान जिथे पाठीला मिळते तिथे मधोमध हाडाचं एक टोक हाताला लागतं. तो मानेचा सातवा मणका, सगळ्यांना असतो. सडपातळ माणसात जास्त वर येतो. केवळ त्याच्या भीतीने ओपीडीच्या रांगेत उभे राहणारे लोक कमी नाहीत.

गाठच असेल तर बोटाने तिची कड शोधायची. कड बोटाखालून सटकन निसटली आणि गाठ मऊ असली तर चरबीची असण्याची शक्यता जास्त. गाठ वरच्या कातडीला चिकटलेली आहे आणि मधोमध काळा ठिपका दिसतो, मध्येच कधी लाल होऊन दुखते, तर ती बहुधा एपिडर्मॉइड सिस्ट, म्हणजे कातडीतली पिशवी. न्यूकल फायब्रोमाची कड सापडतच नाही. बोट कडेला जातं आणि गाठ कुठे संपली, नेहमीचं मांस कुठे सुरू झालं हे कळत नाही. दाबली तर दबत नाही, दुखतही नाही, आणि तिच्यावरची कातडी चिमटीत धरायला गेलं तर नीट धरता येत नाही.

गाठी मधोमध नसून बाजूला असतील, एकापेक्षा जास्त असतील, तर लसिकाग्रंथी सुजल्या आहेत का ते बघायचं. डोक्यात उवा, खांडुकं किंवा जखम असली तरी मानेच्या मागच्या ग्रंथी फुगतात. मुंबईत मानेच्या गाठीला टीबीचा विचार पहिल्यांदा होतो आणि तो झालाच पाहिजे. पण कुठलाही पुरावा न शोधता नुसत्या अंदाजावर टीबीची औषधं सुरू करणं मला मान्य नाही. सहा महिने गोळ्या खाऊन गाठ जागच्या जागी, असे केसपेपर बघण्यात येतात.

गाठ नसून मानेच्या मुळाशी सगळाच भाग उशीसारखा वर आला असेल तर प्रश्न वेगळा. बरेच दिवस स्टेरॉइड घेणं, कुशिंगचा आजार (शरीरातच कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त तयार होणं), एचआयव्हीवरची काही जुनी औषधं, यांत तिथे चरबी साठते. अनेक वर्षं मधुमेह असलेल्या माणसाची मान आणि पाठीचा वरचा भाग जाड, कडक झाला असेल तर ते स्क्लेरेडेमा असू शकतं. ते पसरट असतं, त्याला गाठीसारखा उंचवटा नसतो. स्क्लेरेडेमा आणि न्यूकल फायब्रोमा दोन्ही एकाच माणसात सापडल्याच्या नोंदी आहेत, म्हणून गाठीवरून हात काढल्यावर तो एकदा पाठीवरूनही फिरवावा.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबू नये: गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी आहे, आठवड्यागणिक किंवा महिन्यागणिक वाढते आहे, खोल स्नायूला धरून बसली आहे, रात्री दुखते, किंवा हाताला मुंग्या येतात. अशा वेळी थेट मोठ्या हॉस्पिटलात सर्जनला दाखवावं. आणि लहान मुलाच्या मानेच्या मागे अगदी मधोमध जन्मापासून गाठ असेल तर स्कॅन झाल्याशिवाय तिला कुणालाही सुई लावू देऊ नये. तिचा संबंध मेंदूच्या किंवा मज्जारज्जूच्या आवरणाशी असू शकतो.

विचारायचे प्रश्न

शुगर आहे का, किती वर्षं, शेवटची तपासणी कधी केली? “नाही” असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न: कधी तपासली होती का? “नाही” म्हणजे बऱ्याचदा “तपासली नाही” एवढंच असतं. मानेची कातडी काळपट, जाडसर आणि मखमली झाली आहे का तेही बघावं. लोक तिला मळ समजून घासत बसतात, पण इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झाल्याची ती खूण असू शकते. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आली आणि दुसऱ्यांदा तपासूनही तसंच दिसलं तर मधुमेह धरतात.

दुसरा प्रश्न गाठीचा वाटतच नाही: आईवडील, भावंडं, काका, आत्या यांच्यापैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता का? कुणाच्या आतड्यात पॉलिप, म्हणजे कोंबासारखे मांसाचे उंचवटे, निघाले होते का? कुणी तरुणपणी पोटाच्या कॅन्सरने गेलं का? आपल्याकडे घरात “पोटाचं काहीतरी झालं होतं” एवढंच सांगितलेलं असतं. तेवढंही लिहून ठेवावं. हा प्रश्न कशासाठी, ते शेवटाकडे येईल.

ओझ्याचाही विषय निघतोच. मस्जिद बंदर, वाशीचं मार्केट इथे पाठीवर पोती वाहणारे माथाडी कामगार गाठीचं खापर पोत्यावर फोडतात. वारंवार घासून, दबून त्या जागचे तंतू जाड होऊ शकतात हे तर्काला धरून आहे, पण न्यूकल फायब्रोमा ओझ्यानेच होतो असं सिद्ध झालेलं नाही. तरी व्यवसाय कागदावर लिहावा; मार लागल्यावर तिथे होणाऱ्या दुसऱ्या गाठीही आहेत.

सोनोग्राफी आणि एमआरआय

छोट्या, वरवरच्या गाठीला सोनोग्राफी पुरते. चरबी आहे, पाणी आहे की घट्ट मांस आहे एवढं तिच्यातून कळतं. एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. गाठ मोठी असेल, खोल असेल, किंवा कड कुठेच सापडत नसेल तर करावा. दाट कोलॅजन एमआरआयच्या टी१ आणि टी२ या दोन्ही प्रकारच्या चित्रांत काळपट दिसतं, आणि न्यूकल फायब्रोमात त्या काळपट भागात चरबीच्या पांढऱ्या रेघा अडकलेल्या दिसतात. रेडिऑलॉजिस्टने रिपोर्टमध्ये “डेस्मॉइडची शक्यता” (म्हणजे खोलवर घुसणारी, परत परत येणारी तंतूंची गाठ) असं लिहिलं तर दचकू नये. चित्रावरून या दोघांत फरक करणं अवघड असतं, म्हणूनच तर तुकडा आमच्याकडे येतो.

सुईची तपासणी का फसते

एफएनएसीत बारीक सुईने पेशी ओढून घेतात. ग्रंथी, टीबी, थायरॉइड यांना ती उत्तम. पण इथे ओढायला पेशीच नाहीत. सुई आत जाताना अडते, दांड्याला चांगलाच जोर लावावा लागतो आणि काचेवर येतो थेंबभर रक्त, एकदोन चरबीचे कण. रिपोर्ट येतो, ‘नमुना अपुरा’. घरचे म्हणतात लॅब बेकार आहे, दुसरीकडे करू. दुसरीकडेही तेच येतं.

खरं तर घट्ट गाठीत सुई वारंवार कोरडी येणं हीसुद्धा माहितीच आहे, आत तंतूंचा भरणा असल्याची. तिसऱ्यांदा सुई टोचून घेण्यात अर्थ नाही. गाठ लहान असेल तर ती अख्खी काढून तपासायला द्यावी. मोठी किंवा खोल असेल तर आधी कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने मांसाचा लांबट तुकडा. मोठी गाठ ‘बघू काय निघतंय’ म्हणत थेट कापायला घेऊ नये. चुकून कॅन्सर निघाला तर अर्धवट ऑपरेशन पुढच्या उपचारांना नडतं.

बाटली आणि कागद

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि सगळ्यात कमी खर्चात टळणारंही हेच आहे. म्हणून जरा थांबतो.

काढलेली प्रत्येक गाठ तपासायला पाठवायलाच हवी. “साधी होती, टाकून दिली” हे वाक्य छोट्या दवाखान्यांत आजही ऐकू येतं. ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्या: गाठ हिस्टोपॅथॉलॉजीला जाणार ना?

बाटली रुंद तोंडाची हवी. ताजी गाठ लवचिक असते, अरुंद तोंडातून ढकलून आत जाते. फॉर्मॅलिनमध्ये कडक झाल्यावर ती बाहेर येत नाही. मग बाटली फोडायची, नाहीतर गाठ आतच कापायची. द्रव हवा तो दहा टक्के फॉर्मॅलिन, गाठीच्या किमान दहापट. सलाइनमध्ये ठेवलेलं मांस टिकत नाही, सडत जातं, आणि मुंबईच्या दमट उन्हाळ्यात तर त्याला वेळ लागत नाही. फॉर्मॅलिन तासाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने आत शिरतं. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी काढलेली गाठ सोमवारपर्यंत पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये राहिली तरी बिघडत नाही. बिघडतं ते तळाशी दोन बोटं द्रव घालून ठेवल्याने. नाव बाटलीवर लिहावं, झाकणावर नाही. झाकणं अदलाबदल होतात.

आता कागद. नेहमी येणारा फॉर्म असा असतो: “सूज, मान. बायोप्सी.” एवढंच. या तीन शब्दांवर न्यूकल फायब्रोमाचं निदान जवळपास अशक्य आहे, आणि त्याचं कारण सरळ आहे. मानेच्या मागे कातडीखाली निरोगी माणसातही जाड, दाट कोलॅजन असतं. या गाठीतही तेच. मायक्रोस्कोपखाली दोन्हींत पेशी थोड्या, दोन्हींत तंतू जाड. तिथे खरोखरच हाताला लागणारी, मोजता येणारी गाठ होती हे मला कुणी सांगितलं नाही, तर मी प्रामाणिकपणे लिहीन: ‘तंतुमय आणि चरबीयुक्त ऊतक, विशेष दोष नाही’. वाक्य खोटं नाही, आणि रुग्णाला उपयोगाचंही नाही.

उपयोगाचा फॉर्म कसा असावा याचा एक नमुना देतो. “पुरुष, ४२ वर्षं. मानेच्या मागे, मध्यरेषेपासून एक सेंटिमीटर डावीकडे, कातडीखाली, ३.५ बाय २.५ सेंटिमीटर, घट्ट, कडा अस्पष्ट. सहा वर्षांपासून, सावकाश वाढ. एफएनएसी दोनदा अपुरी. मधुमेह आठ वर्षं, एचबीए१सी ८.९. घरात आतड्याच्या पॉलिपचा किंवा कॅन्सरचा इतिहास नाही. आधी तिथे ऑपरेशन नाही. गाठ पूर्ण काढली, दिशा कळावी म्हणून वरच्या टोकाला टाका घातला आहे.” लिहायला दोन मिनिटं लागतात. सर्जन घाईत असतील तर रुग्णानेच हे साध्या मराठीत लिहून बाटलीसोबत द्यावं. मला तरी असा कागद आलेला आवडतो.

कटिंगच्या टेबलावर

इथून पुढचं काम लॅबमधलं. आधी गाठ मोजायची, वजन करायचं, मग तिच्या बाहेरच्या पृष्ठभागाला शाई लावायची. नंतर स्लाइडवर शाई दिसली की कळतं, ही काढलेल्या तुकड्याची कड. मग पातीने मधोमध काप. चरबीची गाठ पातीला जाणवतही नाही, काप पिवळा आणि तेलकट निघतो. न्यूकल फायब्रोमा पातीला अडवतो, कापताना बारीक करकर ऐकू येते आणि काप पांढराशुभ्र, चिवट, कुठे वेष्टण नाही. कडेला पांढऱ्यात पिवळी बेटं शिरलेली असतात. कुजलेला भाग किंवा रक्तस्राव नसतो. असला तर निदानाचा नव्याने विचार करावा.

रेसिडेंटना एक सांगणं: मधला पांढरा भाग एकदोन कॅसेटमध्ये घ्या, पण कडेचे तुकडे जास्त घ्या. या गाठीची ओळख तिच्या कडेवर असते.

तुकडे रात्रभर मशीनमध्ये राहतात, सकाळी मेणात त्यांचे ब्लॉक होतात, त्यातून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचेवर येतात आणि रंग चढतो. म्हणून साधा रिपोर्टही तीन ते पाच दिवस घेतो. रोज फोन केल्याने तो लवकर येत नाही.

मायक्रोस्कोपखाली काय दिसतं

लहान भिंगावर सगळीकडे गुलाबी. जाड कोलॅजनचे जुडगे काथ्याच्या पिळांसारखे वाट्टेल त्या दिशेने गेलेले, एकमेकांना छेदणारे. मध्ये मध्ये एखाद्या फायब्रोब्लास्टचं, म्हणजे तंतू तयार करणाऱ्या पेशीचं, बारीक, गडद केंद्रक. विभाजन होणाऱ्या पेशी दिसत नाहीत. कडेला चरबीच्या पेशी तंतूंनी वेढलेल्या, जणू माघार घेता घेता अडकलेल्या. घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं गिळलेली दिसू शकतात, कधी तंतू खालच्या स्नायूतही शिरलेले असतात. आणि एक खूण शोधल्याशिवाय दिसत नाही: बारीक मज्जातंतूंचे झुबके, मार लागल्यावर होणाऱ्या न्यूरोमासारखे (मज्जातंतूच्या गाठीसारखे). गुलाबी तंतूंच्या त्या पसाऱ्यात असा झुबका सापडला की मला बरं वाटतं.

सारख्या दिसणाऱ्या गाठी

मुख्य प्रतिस्पर्धी आहे स्पिंडल सेल लायपोमा, चरबीच्या गाठीचाच एक प्रकार. तोही मानेच्या मागे, तोही मध्यमवयीन पुरुषात, तोही निरुपद्रवी, आणि न्यूकल फायब्रोमापेक्षा कितीतरी जास्त आढळणारा. पण त्यात लांबट पेशी भरपूर असतात, चरबी आणि जाड कोलॅजनचे धागे सोबत असतात, आणि तो आजूबाजूच्या भागापासून वेगळा काढता येतो.

डेस्मॉइड फायब्रोमॅटोसिस चुकवून चालत नाही. तो पसरत नसला तरी जागच्या जागी खोलवर घुसतो आणि काढल्यावर वारंवार परत येतो. त्यात पेशी जास्त, लांबच लांब पट्ट्यांत एका दिशेने लागलेल्या. खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकाजवळ, विशेषतः वयस्क बायकांत, इलास्टोफायब्रोमा होतो. लवचिक तंतू दाखवणारा खास रंग चढवला की त्यातले जाड, मण्यांसारखे तंतू उठून दिसतात. मानेच्या मागच्या लिगामेंटला धरून, जुन्या इजेनंतर, कूर्चेसारखं ऊतक असलेली एक खोटी गाठही होते. व्यवसायाचा आणि इजेचा प्रश्न तिच्यासाठी. स्क्लेरेडेमात कोलॅजनच्या जुडग्यांमध्ये मोकळ्या फटी असतात आणि अल्शियन ब्लू रंगाने त्यांत म्युसिन हा बुळबुळीत पदार्थ दिसू शकतो.

इम्युनो लागतं का

इम्युनो म्हणजे पेशीतली ठरावीक प्रथिनं रंगाने दाखवणारी चाचणी; सीडी३४सारखी नावं त्या प्रथिनांची. चित्र स्वच्छ असेल आणि कागद भरलेला असेल तर ती बऱ्याचदा लागत नाही, असं माझं मत. शंका असेल तर लागतं. न्यूकल फायब्रोमाच्या पेशी सीडी३४ आणि सीडी९९ला रंग घेतात. डेस्मिन आणि स्मूथ मसल ॲक्टिनला घेत नाहीत. एस१०० फक्त मज्जातंतूंत आणि चरबीत उमटतं.

इथे एक खड्डा आहे. “सीडी३४ पॉझिटिव्ह” हे निदान नाही. स्पिंडल सेल लायपोमा सीडी३४ घेतो, सॉलिटरी फायब्रस ट्यूमर घेतो, आणि डर्मॅटोफायब्रोसार्कोमा नावाची कातडीची चिवट, परत परत येणारी गाठही घेते. त्यांना वेगळं करतात ते पेशींच्या मांडणीवरून आणि इतर चाचण्यांवरून: सॉलिटरी फायब्रस ट्यूमरमध्ये स्टॅट६ पेशीच्या केंद्रकात दिसतं, स्पिंडल सेल लायपोमात आरबी प्रथिन नाहीसं झालेलं असतं, बहुतेक डेस्मॉइडमध्ये बीटा कॅटेनिन केंद्रकात उमटतं. इम्युनोचा खर्च प्रत्येक चाचणीमागे वाढत जातो. म्हणून “सगळ्या करून टाका” म्हणण्याआधी, कुठली चाचणी कुठला प्रश्न सोडवणार आहे, हे पॅथॉलॉजिस्टला बिनधास्त विचारावं.

रिपोर्ट हातात आल्यावर

शेवटची ओळ वाचून कागद घडी करू नका. वर्णनात गाठीचं माप आहे का आणि ते सर्जनने सांगितलेल्या मापाशी जुळतं का ते बघा. कड मोकळी आहे की गाठ कडेपर्यंत आहे, हे लिहिलेलं असावं. या गाठीला वेष्टण नसल्यामुळे कडेपर्यंत असणं नवल नाही, आणि तेवढ्यासाठी लगेच दुसरं ऑपरेशन करायचं कारण नाही. खाली एमडी किंवा डीएनबी पॅथॉलॉजिस्टची सही आणि नोंदणी क्रमांक हवा.

रिपोर्टमध्ये ‘तंतुमय ऊतक, विशेष दोष नाही’ आलं आणि गाठ तर खरोखर हाताला लागत होती, तर रागावून दुसऱ्या लॅबला पैसे भरण्याआधी पहिल्याच पॅथॉलॉजिस्टला भेटा. गाठीचा काढण्याआधीचा फोटो, सोनोग्राफीचा कागद, शुगरचे रिपोर्ट दाखवा. त्याच स्लाइडवरून सुधारित रिपोर्ट देता येतो, आणि त्यात कुणाचीही मानहानी नसते.

दुसरं मत हवंच असेल तर नुसता रिपोर्ट नेऊन उपयोग नाही. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लागतात. लॅबकडे लेखी अर्ज करून ते मिळतात. केईएम, सायन, नायर, जे. जे. अशा हॉस्पिटलांच्या पॅथॉलॉजी विभागांत किंवा टाटामध्ये बाहेरच्या स्लाइड बघितल्या जातात. टाटात स्लाइड दाखवायला गेलं म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. सॉफ्ट टिश्यूच्या गाठी तिथे रोज बघतात, म्हणून लोक तिथे नेतात. लोकलमधून नेताना स्लाइड कडक डबीत ठेवाव्यात, पिशवीत सुट्या नकोत. आणि ब्लॉक मेणाचे असतात हे मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ते ठेवण्याआधी आठवावं.

निदान न्यूकल फायब्रोमाचं आलं, मग?

पहिलं काम शुगर. आधी माहीत नसेल तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी त्याच आठवड्यात करून घ्यावी. माहीत असेल तर किती आटोक्यात आहे ते बघावं. जखम भरायलाही त्याचा फरक पडतो.

दुसरं, घराण्याचा प्रश्न. गार्डनर सिंड्रोम नावाचा आनुवंशिक आजार आहे. गुणसूत्र क्रमांक ५ वरच्या एपीसी या जनुकात दोष असतो आणि मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप होतात. वेळेत लक्ष घातलं नाही तर त्यांतून कॅन्सर होणं जवळपास ठरलेलं असतं. त्याच आजारात जबड्याच्या हाडावर टेंगळं, जास्तीचे दात, कातडीखाली अनेक सिस्ट आणि डेस्मॉइड दिसतात. न्यूकल फायब्रोमासारखीच दिसणारी गाठ, तिला गार्डनर फायब्रोमा म्हणतात, याच आजाराची पहिली खूण असू शकते. ती बहुधा लहान वयात, पाठीवर किंवा मणक्याच्या कडेला होते. सीडी३४ तीही घेते, पण बऱ्याचदा बीटा कॅटेनिन तिच्या पेशींच्या केंद्रकात दिसतं. मधुमेह असलेल्या पन्नाशीच्या माणसाला मानेच्या मागे एकच गाठ असेल तर कोलोनोस्कोपीसाठी धावायची गरज नसते. पण रुग्ण मूल किंवा तरुण असेल, गाठी एकाहून जास्त असतील किंवा घरात आतड्याचा इतिहास असेल, तर गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्ट आणि जनुकीय सल्लागार गाठावेत. एपीसीचा दोष सापडला तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि त्या मुलांची आतड्याची तपासणी साधारण १० ते १५ वर्षं वयापासून सुरू करतात.

गाठ काढलीच पाहिजे असंही नाही. कोअर बायोप्सीत निदान पक्कं झालं, गाठ लहान आहे, हेल्मेटचा पट्टा किंवा कॉलर तिच्यावर घासत नाही, तर तशीच ठेवून सहा महिन्यांनी, मग वर्षाने मोजत राहता येतं. मोजमाप टेपने करावं आणि फोटो काढून ठेवावा. “वाढली असं वाटतं” यावर कुणालाच काही ठरवता येत नाही.

काढल्यावर वर्षा-दोन वर्षांनी त्याच जागी पुन्हा काही हाताला लागलं तर जखमेचा व्रण जाड झालाय की गाठ परत आलीय, हे आधी सोनोग्राफीने बघावं. दुसरं ऑपरेशन ठरलं तर जुना रिपोर्ट आणि जुन्या ब्लॉकचा नंबर नव्या फॉर्मवर पहिल्या ओळीत लिहावा. जुनी स्लाइड शेजारी ठेवता आली, तर डेस्मॉइडची शंका नव्या तुकड्यावर एकही इम्युनो न करता मिटू शकते.